देवीदासने टाकलेला शब्द

मध्य प्रदेशातल्या सौंसरात देवीदास सोमकुवरला ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण. नगरपालिकेत तो नळ सोडण्याच्या कामावर आहे. सायकलला आडवी बांधलेली ती लांब लोखंडी चावी, गळ्यात दुपट्टा, आणि उजाडायच्या आत पहिल्या वॉर्डाचा वॉल्व फिरवून स्वारी दुसऱ्या वॉर्डाकडे निघालेली. ज्याच्या हातात पाणी आहे त्याच्याशी वाकड्यात कोण शिरेल? बायका त्याला भाऊ म्हणतात, पोरं काका म्हणतात, आणि ज्यांच्या घरी लग्नकार्य असतं ते आदल्या दिवशी येऊन, चहा पिऊन, उठता उठता शब्द टाकतात. "देवीदासभाऊ, उद्या जराकसं जास्त वेळ सोडा नं." देवीदास मान हलवतो आणि सोडतो. त्यात त्याला कधी काही वावगं वाटलं नाही. उलट आपण चार माणसांच्या उपयोगी पडतो याचा त्याला अभिमानच होता.

हा शब्द टाकण्याचा प्रकार जरा नीट सांगितला पाहिजे, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. नुसता अर्ज केल्याने काम होतं यावर आमच्याकडे कुणाचा विश्वास नाही. अर्ज करायचाच, पण अर्जाच्या मागोमाग कुणीतरी साहेबासमोर हात जोडून उभं राहायला हवं. आपलंच लेकरू आहे, जरा पाहून घ्या, एवढंच म्हणायचं. साहेबाने खरंच पाहून घेतलं की नाही, ते कुणी तपासत नाही. पण शब्द टाकला नाही आणि काम अडलं, की दोष बापाचा. देवीदासच्या नोकरीसाठी त्याच्या बापाने असाच शब्द टाकला होता, एका इंजिनिअरच्या अंगणात, भर उन्हात, पायातल्या चपला फाटकाबाहेर काढून. तरुण देवीदास मागे उभा होता. नोकरी लागली. ती शब्दामुळे लागली की जागाच रिकामी होती, कुणास ठाऊक. देवीदासने सगळं श्रेय बापाला देऊन टाकलं आणि बाप म्हणजे काय, हे तो त्या दिवशी शिकला.

रश्मी ही त्याची एकुलती एक मुलगी. पांढुर्ण्याला मामाकडे राहून तिने बी.कॉम. केलं. मामा म्हणजे देवीदासच्या बायकोचा, सुशीलाचा, धाकटा भाऊ सुमेध. तो तिथल्या सरकारी कचेरीत बाबू आहे. रश्मी हुशार होती, पण हुशारीचा गाजावाजा करणारी नव्हती. पांढुर्ण्याच्या बाजारात कापसाचा भाव पडला की मामाच्या शेजारची माणसं कपाळाला हात लावून बसत, आणि ही पोरगी विचारत बसे, पाऊस तोच, माल तोच, इकडे काही झालंच नाही, मग भाव पडला कशाने? कॉलेजातल्या मॅडम म्हणाल्या, याच प्रश्नाचं एक आख्खं शास्त्र आहे, त्याला फायनान्स म्हणतात. झालं. त्या दिवसापासून रश्मीने ते मनावर घेतलं.

मग सुरू झाली निवडानिवड. मॅडम आणि ती कॉलेजच्या संगणकावर बसून एकेका संस्थेची माहिती वाचत. कुठे काय शिकवतात, शिकवणारे कोण, शिकून गेलेली मुलं पुढे काय करतात. रश्मी घरी आली की सुशीला भाकरी थापता थापता विचारायची, "हे अन् ते सारखंच नं?"

"सारखं नाई आई," रश्मी सांगायची. "एम.बी.ए.त धंदा कसा चालवाचा ते शिकवते. एम.कॉम.मंदी हिशेब, टॅक्स, अन् थोडंसं हेबी. एम.एससी. फायनान्समंदी भाव काऊन हालते तेच खोदून काढते."

"मंग तेच कर," सुशीला म्हणायची. तिच्या दृष्टीने प्रश्न तिथेच मिटला होता.

रश्मीने दोन ठिकाणी अर्ज भरले. पहिला पुण्याच्या एका नावाजलेल्या संस्थेत, एम.एससी. फायनान्ससाठी. दुसरा नागपूरच्या एका साध्या कॉलेजात, फायनान्स घेऊन एम.कॉम.साठी. नागपूरला देवीदासची बहीण करुणा राहते, म्हणजे राहायची सोय होती. एक अडचण मात्र होती. नागपूर दीड-दोन तासांवर, माणसं आपली, बोली आपली, पण मध्ये राज्याची हद्द. मध्य प्रदेशातलं जातीचं सर्टिफिकेट पलीकडे चालत नाही. आत्याची पोरं ज्या राखीव जागांवर शिकली त्या जागांवर रश्मीला बसता येत नव्हतं. तिने दोन्ही अर्ज खुल्या जागेवर भरले आणि त्याबद्दल एका अक्षराने कुरकुर केली नाही.

पुण्याच्या अर्जात लिहायचं होतं, तुम्हाला हाच विषय का शिकायचा आहे. रश्मीने पांढुर्ण्याच्या कापसाचं लिहिलं. लिहायची, खोडायची, मॅडमना दाखवायची, परत लिहायची. देवीदासला त्या इंग्रजीतलं ओ की ठो कळत नव्हतं. तो निळ्या पडद्यासमोर तिचे फोटो काढून घ्यायला गेला, पांढुर्ण्याच्या कचेरीत दाखल्यांच्या रांगेत उभा राहिला, आणि आपणही अर्ज करतो आहोत या समाधानात राहिला. प्रवेश परीक्षा तिने नागपूरला जाऊन दिली आणि ती चांगली गेली.

मग पुण्याहून मेल आला. रश्मी पांढुर्ण्यात होती. तिने मोबाइलवर त्याचा फोटो बापाला पाठवला आणि फोन करणार तेवढ्यात मामाच्या घरची वीज गेली, चार्जिंग संपलं. एवढ्या वेळात व्हायचं ते होऊन गेलं. देवीदास तो फोटो घेऊन थेट गुणवंताच्या दुकानात गेला. गुणवंता शिंपी आहे, विहाराच्या समितीचा अध्यक्ष आहे, आणि आपल्याला इंग्रजी येतं असं त्याचं मत आहे. त्याने चष्मा पुसला. पहिलाच शब्द होता काँग्रॅच्युलेशन्स. त्याच ओळीत पुढे होतं सिलेक्टेड. "पुढच्या फेरीसाठी, मुलाखतीला," हे त्याच्यापुढे लिहिलेलं होतं, पण तिथपर्यंत वाचतो कोण? गुणवंताने मशीनवरची कात्री बाजूला ठेवली आणि देवीदासला मिठी मारली.

"देवीदास, झालं नं काम! आपल्या समाजाची पोरगी पुण्याले चालली!"

संध्याकाळपर्यंत बसस्टँडसमोर फ्लेक्स लागला. सौंसर का गौरव, कुमारी रश्मी सोमकुवर, पुणे में एम.एससी. फायनान्स हेतु चयन होने पर हार्दिक बधाई. वर रश्मीचा तोच निळ्या पडद्याचा फोटो, आणि खाली शुभेच्छा देणाऱ्यांची रांग. त्यात गुणवंताचा फोटो रश्मीपेक्षा मोठा होता. आमच्याकडे फ्लेक्स लावायला कारण लागत नाही, आणि कारण मिळालं तर मग बघायलाच नको.

दुसऱ्या दिवशी रश्मी बसमधून उतरली आणि स्वतःच्याच चेहऱ्यासमोर उभी राहिली. घरी येताच तिने देवीदासला गाठलं. "बाबा, अजून सिलेक्शन झालं नाई. मुलाखत आहे नं. त्याच्यात नापास झाली तं?"

हे देवीदासच्या डोक्यातच आलं नव्हतं. पण बापाने पोरीसमोर घाबरायचं नसतं अशी त्याची समजूत. "मुलाखत नावापुरती असते बाई," तो म्हणाला. "एवढी हुशार पोट्टी, तुले कोण नापास करीन?"

रविवारी विहारात सत्कार झाला. शाल, पुष्पगुच्छ, भाषणं. रश्मी बोलायला उभी राहिली आणि स्पष्ट म्हणाली की अजून प्रवेश झालेला नाही, मुलाखत बाकी आहे. लोकांना तो तिचा विनय वाटला. टाळ्या वाजल्या. मागच्या रांगेत बसलेल्या मुलींनी सगळ्यात जास्त वाजवल्या. त्यांच्यात रजनीची अश्विनी होती. रजनी अंगणवाडीत मदतनीस आहे, नवरा वारला तेव्हापासून एकटीने घर ओढते, आणि अश्विनी तिची एकुलती आशा. सभा संपल्यावर अश्विनी रश्मीचा हात धरून किती तरी वेळ काय काय विचारत उभी होती. देवीदास लांबून बघत होता. त्याला वाटलं, आपण या गावाला काहीतरी दिलं.

मुलाखत संगणकावरून होती. सौंसरात घरी नेटचा भरवसा नाही म्हणून सुमेधच्या घरी पांढुर्ण्याला जायचं ठरलं. त्या दिवशी सुमेध कचेरीत होता, मामी बाजारात गेली होती. आतल्या खोलीत रश्मी टेबलाशी बसली. देवीदास बाहेर ओसरीवर, दाराला पाठ लावून. दार नुसतं लोटलेलं होतं.

आतून आवाज येत होते. बाईचा एक, पुरुषांचे दोन. रश्मीचं इंग्रजी त्याच्या कानाला झऱ्यासारखं वाटलं. कधी हसण्याचा आवाजही आला. मग एका पुरुषाने लांबलचक काहीतरी विचारलं, त्यात कॉटन हा शब्द दोनदा आला, आणि त्यानंतर सगळं शांत झालं.

देवीदास वाट बघत राहिला. रश्मी बोलेना. तेही बोलेनात. देवीदासच्या डोळ्यांसमोर बसस्टँड आला, गुणवंता आला, टाळ्या वाजवणाऱ्या मुली आल्या. पोरगी अडकली. उत्तर येत नाही. सगळं हातचं चाललं आणि मी इथे खांबासारखा बसलो आहे. त्याचा बाप असता तर काय केलं असतं? बाप उन्हात उभा राहिला होता. देवीदास उठला. चपला त्याने दाराबाहेर काढल्या. दार ढकलून आत गेला आणि रश्मीच्या खुर्चीमागे उभं राहून त्याने पडद्यासमोर हात जोडले.

साहेब म्हटला की हिंदी, हे नगरपालिकेत मुरलेलं. पलीकडे पुण्याची मराठी माणसं बसली आहेत हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. "नमस्ते सर। मैं इसका पिताजी। लड़की बहुत होशियार है सर, बस थोड़ी घबरा गई। जरा देख लेना। पूरे गांव में मालूम हो गया है सर, बैनर भी लग गया।"

पडद्यावरची बाई आधी दचकली, मग हसली. चांगल्या मनाने हसली असावी, पण हसली. एक पुरुष खाली बघायला लागला. दुसऱ्याने इंग्रजीत सावकाश काहीतरी म्हटलं, आणि देवीदासला एवढंच कळलं की आपण बाहेर जायचं आहे. तो मागे सरला. जाताना त्याने रश्मीकडे पाहिलं. तिची मान खाली होती आणि कान लाल झाले होते.

त्यानंतर आत जे बोलणं झालं ते फार थोडं होतं. रश्मी बोलली, पण अडखळत, शब्द शोधत. दोन-तीनदा सॉरी म्हणाली. मग संगणक बंद झाल्याचा आवाज आला.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. बाहेर संत्र्याचे बगीचे मागे पळत होते. देवीदासला वाटत होतं तिने भांडावं, ओरडावं. ती बोलली ते त्याच्याकडे न बघता. "मी विचार करून राहिली होती बाबा. त्याइनंच टाइम दिला होता विचार कराले. मले येत होतं उत्तर."

बस, एवढंच. त्यापुढे ती त्या दिवसाबद्दल कधी एक शब्द बोलली नाही. घरी सुशीलाने विचारलं, कशी झाली मुलाखत, तर म्हणाली, "ठीक झाली." देवीदास मोरीवर पाय धूत होता. तो धूतच राहिला.

निकाल आला आणि त्यात रश्मीचं नाव नव्हतं. आता तिला देवीदास आत गेल्यामुळे घेतलं नाही, का दुसरी मुलंच तिच्याहून सरस होती, हे कुणालाच माहीत नाही, आणि कळायची सोयही नाही. पण देवीदासने मनाशी निकाल लावून टाकला होता. पोरीच्या ताटात आपण माती कालवली. हे तो सुशीलाजवळ बोलला नाही, सुमेधजवळ बोलला नाही, आणि जिच्याजवळ बोलायला हवं होतं तिच्याजवळ तर मुळीच नाही. माफी मागायची म्हणजे ती गोष्ट परत उच्चारायची, आणि ते त्याच्याने होईना.

तेवढ्यात नागपूरच्या कॉलेजची यादी लागली आणि त्यात रश्मीचं नाव होतं. ती खरोखर आनंदली. तिथले एक सर वायदे बाजारच, म्हणजे पुढच्या महिन्यांतल्या मालाचे सौदे आणि भाव, शिकवतात, तिने आधी सगळी चौकशी करून ठेवली होती. "बाबा, हेबी फायनान्सच आहे नं. अन् आत्याचं घर आहे."

देवीदास बाजेवर बसला होता. तो म्हणाला, "फ्लेक्सवर एम.एससी. लिहिलं आहे. पुणं लिहिलं आहे."

"मंग सांगून देऊ नं लोकाइले, पुण्याचं नाई झालं म्हून."

"नाई." तो एवढ्या जोराने म्हणाला की सुशीला स्वयंपाकघरातून डोकावली. "लोकाइले पुणंच सांगू. तू करुणाकडे राह्य, काय शिकाचं ते शिक. इथी कोणाले माहीत पडाची गरज नाई. लोकं काय म्हणन?"

रश्मीने मोबाइल बाजूला ठेवला. त्याला वाटलं आता ती नाही म्हणेल, आणि तसं झालं असतं तर कदाचित बरंच झालं असतं. पण ती म्हणाली, "ठीक आहे बाबा." देवीदासने सुटकेचा श्वास टाकला आणि त्याच क्षणी त्याला स्वतःची किळस आली. चूक आपली, आणि लपून राहायचं पोरीने. हे त्याला कळत होतं. कळूनही त्याने तसंच केलं.

मग वर्षभर देवीदासने पुणं चालवलं. सकाळी नळ सोडायला निघण्याआधी तो मोबाइलवर पुण्याचं हवामान बघे, कारण कुणीतरी विचारणारच. "काय म्हणते भाऊ, पुण्याले पाऊस कसा आहे?" तो सांगे, "रिपरिप चालू आहे म्हणे." दिवाळीत रश्मी आली तेव्हा त्याने नागपुरातूनच बाकरवडी आणायला लावली, दुकानाच्या पिशव्या सुशीलाकडून बदलून घेतल्या आणि मोहल्ल्यात वाटली. लोकांनी चवीने खाल्ली. गुणवंता म्हणाला, पुण्याच्या मालाची गोष्टच वेगळी. फ्लेक्स पावसाळ्यात फिका पडला, मग कुणाच्या तरी वाढदिवसाचा त्यावर चढला, आणि देवीदासला तेवढं बरं वाटलं.

पण जिवाला चैन नव्हतं. कुठे दोन माणसं हसली तरी त्याला वाटे, कळलं. रश्मी सुटीत आली की तो तिला बजावे, कुणी विचारलं तर काय सांगायचं. ती ऐकून घेई. मग ती अश्विनीकडे जाई आणि तासन्‌तास तिथेच बसे. अश्विनीचं बी.कॉम.चं शेवटचं वर्ष होतं आणि तिलाही हेच शिकायचं होतं. देवीदासला धास्ती वाटे की बोलण्याच्या ओघात पोरगी काही सांगून बसेल. आणि आपण आपल्या पोरीच्या खरं बोलण्याला भितो, याची त्याहून जास्त लाज वाटे. तिच्याशी एकट्याने बसायचं तो टाळायला लागला. बसस्टँडवर सोडायला जायचा, पिशवी वर चढवायचा, आणि बस सुटायच्या आधीच वळायचा.

उन्हाळा तोंडावर आला होता. एका रविवारी चारच्या सुमाराला रजनी आणि अश्विनी घरी आल्या. जय भीम झाला, सुशीलाने पाणी दिलं, चहा ठेवायला आत गेली. अश्विनीचा चेहरा फुलला होता.

"काका, पुण्याहून मेल आला. मुलाखतीले बोलावलं."

"कुठून?"

"त्याच संस्थेतून. रश्मीताईनंच फॉर्म भरून देल्ला."

देवीदासच्या हातातला पेला ओठापर्यंत गेला होता, तो तिथेच थांबला. ही पोरगी आता तिथे जाणार. तिथे जाऊन विचारणार, रश्मी सोमकुवर कुठे बसते. आणि तिथे कुणालाच ते नाव माहीत नसणार. काहीतरी बोलायला हवं होतं. वर्षभराची सवय कामी आली आणि तो बोलायला लागला.

"छान झालं नं! आता रश्मी आहेच तिकडे, पण तिचं काय आहे, ते दुसऱ्या बिल्डिंगमंदी असते, अन् परीक्षा चालू आहे तिची, फोन लागत नाई..."

अश्विनीने आईकडे पाहिलं. रजनी पदराच्या टोकाशी चाळा करत खाली बघायला लागली. देवीदास बोलता बोलता थांबला.

"भाऊ," रजनी हळूच म्हणाली, "रश्मी नागपुरात शिकून राहिली, आमाले माहीत आहे."

"कधीपासून?"

"जाच्या पहिलेच सांगतलं होतं तिनं. घरोघरी जाऊन सांगतलं. विहारात सत्कार झाला होता नं, म्हणे लोकाइले खोटं कसं ठेवू. गुणवंताभाऊलेबी माहीत आहे." ती थांबली. पुढचं सांगावं की नाही असा तिचा चेहरा झाला. "म्हणे, बाबाले लय लागलं आहे. त्याइच्यासमोर पुणंच म्हणा."

देवीदासने पेला खाली ठेवला. पुण्याचा पाऊस विचारणारे ते सगळे चेहरे त्याच्यासमोरून सरकले. कुणी हसलं नव्हतं. कुणी टोमणा मारला नव्हता. आख्खा मोहल्ला वर्षभर त्याच्या लाजेवर पांघरूण घालत होता, आणि तो त्यांना आपण फसवतो आहोत असं समजून सायकल हाणत होता. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ते काय असतं, हे त्याला आत्ता कळलं.

अश्विनीला वाटलं काका रागावले. ती घाईघाईने बोलायला लागली. "काका, ताईचं कोणीच वाईट नाई बोललं. मुलाखतीत काय झालं तेबी तिनं मले खरं खरं सांगतलं, म्हणे तुले कामी पडन. कापसावर प्रश्न विचारला होता त्याइनं. ताईले उत्तरच आलं नाई. डोकं सुन्न झालं म्हणे, चूप बसून राहिली. म्हणे कोणाची चूक नाई, माझीच तयारी कमी पडली."

देवीदास रश्मीचं नापास होणं लपवत फिरत होता. ती त्याला लपवत होती. सगळ्या गावासमोर तिने ते न येणारं उत्तर स्वतःच्या अंगावर घेतलं होतं, दारोदार जाऊन, आणि घरी येऊन बापाच्या सूचना मान खाली घालून ऐकल्या होत्या. लाज त्याला वर्षभर वाटत होती, पण ती लोकांची होती. ही वेगळी होती. ही त्याला पोरीची वाटत होती.

सुशीला चहा घेऊन आली. कप हातात दिले. रजनी म्हणाली, "भाऊ, एक शब्द टाकाले आली होती तुमच्याजवळ. हिचे बाबा नाईत, तुमाले माहीतच आहे. मले त्या मुलाखतीतलं काई समजत नाई."

"तुमी याल का काका माझ्यासंग?" अश्विनी म्हणाली. "पांढुर्ण्याले, सुमेधमामाच्याच घरी आहे. ताई म्हणे, माझे बाबा संग होते म्हून मले धीर होता. तुमी खोलीत बसा माझ्याजवळ. नुसते बसून राहा."

देवीदासने कप बाजेखाली ठेवला. सुशीला दारात उभी होती.

"येतो," तो शेवटी म्हणाला. "पण खोलीत नाई. मी सडकेवर बसीन."

रजनीला हसू आलं. "सडकेवर काऊन भाऊ? घर असून बाहेर कायले बसता?"

देवीदासने एकदा सुशीलाकडे पाहिलं, मग अश्विनीकडे.

"रश्मीले उत्तर येत होतं," तो म्हणाला. "मी आत गेलो होतो."